हिरवळीवरील शेवाळ : कारणे आणि उपाय

कृष्णा आणि कोयना या नद्या कराड येथे समोरासमोर येऊन मिळतात. या प्रीतिसंगमाच्या काठी यशवंतराव चव्हाण यांची समाधी असून, दरवर्षी २५ नोव्हेंबर रोजी त्यांच्या पुण्यतिथीस तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. अशा सार्वजनिक स्थळांची, शाळेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या आवाराची हिरवळ ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. ती मुलांच्या खेळण्याची व वृद्धांच्या विसाव्याची जागा होय. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ पसरले, की गवत विरळ होते, पाय घसरतात आणि दरवर्षी औषधांवर खर्च करूनही पुढील वर्षी शेवाळ पुन्हा उगवते. असे का व्हावे?

रोग नव्हे, लक्षण

ज्यास आपण सरसकट शेवाळ म्हणतो, त्यातील मखमलीसारखी वाढणारी वनस्पती म्हणजे 'हरिता' अथवा मॉस. तिला खरी मुळे नसतात व ती बीजाणूंद्वारे पसरते. ती गवताला मारीत नाही. गवत दुबळे होऊन मोकळी झालेली जागा ती व्यापते. म्हणून गवत दुबळे का झाले, याचा शोध प्रथम घेतला पाहिजे.

आपल्याकडील हरळीला भरपूर ऊन लागते. दाट वृक्षांच्या सावलीत ती टिकत नाही. नदीकाठची काळी, चिकण माती सततच्या वर्दळीने घट्ट होते व पाणी वरच साचते. पुराचा बारीक गाळही मातीची छिद्रे बुजवितो. २०१९ च्या महापुराने कृष्णाकाठी ठिकठिकाणी असा गाळ आणून टाकला होता. यात गवत अगदी जमिनीलगत कापण्याची सवय व खतांचा अभाव यांची भर पडते.

प्रथम जमिनीची सुधारणा

पाण्याचा निचरा होईल असे चर काढावेत. झाडांच्या खालच्या फांद्या विरळ कराव्यात. पावसाळा संपताच, माती ओलसर असताना, आठ ते दहा सेंटीमीटर खोल छिद्रे पाडून त्यांत वाळू व चाळलेले कुजलेले शेणखत भरावे. गवताची उंची तीन-चार सेंटीमीटर राखावी व एका कापणीत उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये.

चुना मात्र मातीपरीक्षणाविना टाकू नये. महाबळेश्वर-पाटणकडील डोंगरमाथ्यांवरील जांभ्याची माती आम्लधर्मी असते; कराडजवळची काळी माती सामान्यतः तशी नसते.

हिराकसाचा वापर

शेवाळ फार माजले असल्यास शंभर चौरस मीटर जागेसाठी एक किलो हिराकस (फेरस सल्फेट), तीन किलो अमोनियम सल्फेट व दहा किलो कोरडी वाळू यांचे मिश्रण समप्रमाणात पसरावे. जमीन ओलसर असावी, परंतु लगेच जोराचा पाऊस येण्याचा संभव नसावा. दोन दिवसांत पाऊस न आल्यास हलके पाणी द्यावे. एक-दोन आठवड्यांत शेवाळ काळे पडते. मग ते दाताळ्याने ओढून काढावे व मोकळ्या जागी त्वरित हरळी लावावी. जागा रिकामी राहिल्यास शेवाळ परत येणारच.

हिराकसाने फरशीवर व समाधीसारख्या दगडी बांधकामावर तांबूस डाग पडतात. म्हणून ते तेथे सांडू देऊ नये. मोरचूद माशांना घातक असल्याने नदीकाठी त्याचा वापर टाळावा.

जेथे गवत वाढणारच नाही

दाट सावलीच्या जागी गवताचा हट्ट धरण्यापेक्षा फरशी अथवा सावलीत वाढणारी झाडे लावणे हितावह ठरते. जपानमधील क्योतो येथील साइहोजी मंदिराची बाग तर हरितांच्या सुमारे १२० प्रकारांसाठीच जगप्रसिद्ध आहे. परंतु जेथे मुलांनी धावायचे आहे, तेथे गवतच हवे; आणि ते टिकवायचे, तर औषधाच्या तरतुदीआधी निचरा, ऊन व माती यांची पाहणी झाली पाहिजे. शाळांनी व ग्रामपंचायतींनी ही पाहणी पावसाळ्यापूर्वीच केल्यास दरवर्षीचा निष्फळ खर्च टळेल आणि हिरवळ खऱ्या अर्थाने लोकांच्या उपयोगी पडेल.