पाकिटावरचा ६२१

गेल्या नाताळच्या तयारीत शब्बाथशाळेतील एका मुलीने आम्हांस विचारले, "सर, अजिनोमोटोने माणूस मरतो का हो?" ते विष आहे असे मागे एका पाठात आम्हीच सांगितले होते, तेही ऐकीव माहितीवरून. मग आम्ही नीट शोध घेतला. जे कळले ते शिक्षक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

१९०८ साली टोकियोतील प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी समुद्रशेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळे केले. त्याचे मीठ १९०९ पासून अजिनोमोटो या नावाने विकले जाऊ लागले. पाकिटावर त्याचा क्रमांक ६२१. हेच ग्लुटामेट टोमॅटोत असते, आणि आईच्या दुधातही!

मग ही भीती आली कोठून? १९६८ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट हो मन क्वॉक यांनी एका वैद्यकीय नियतकालिकास पत्र लिहिले. चिनी खाणावळीत जेवल्यावर आपली मान बधिर होते, छाती धडधडते, असे त्यांचे म्हणणे होते. कारणाविषयी त्यांनी केवळ तर्क केले: सोया सॉस, स्वयंपाकातील मद्य, अजिनोमोटो किंवा जास्तीचे मीठ. लोकांनी अजिनोमोटो तेवढा धरला व मीठ विसरले. १९९५ साली अमेरिकी सरकारसाठी तज्ज्ञांनी पाहणी केली. अन्नाशिवाय ३ ग्रॅम वा अधिक घेतल्यास काही थोड्यांस डोकेदुखी, बधिरपणा असा तात्पुरता त्रास होऊ शकतो, असे त्यांस आढळले. एका वेळच्या खाण्यात ते सहसा अर्ध्या ग्रॅमहून कमी असते. ज्यास त्रास होतो त्याने अवश्य टाळावे. वर्षाच्या आतील बाळास तर असे पदार्थ देऊच नयेत. तशी सूचना आपल्याकडे पाकिटावर छापलेली असते.

आम्हांस खरी चिंता वाटते ती मिठाची. प्रौढाने दिवसास २००० मिलिग्रॅमहून कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांस त्याहूनही कमी. आता १०० ग्रॅममध्ये १००० मिलिग्रॅम सोडियम असे छापलेले ७० ग्रॅमचे पाकीट घ्या. त्यातून ७०० मिलिग्रॅम पोटात गेले! वर घरचे लोणचे-पापड आहेतच. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आपल्या मंडळीत थोडे का आहेत? आणि "अजिनोमोटो नाही" एवढे वाचून तीच खारट पाकिटे आम्ही बक्षीस म्हणून वाटीत होतो.

पुढल्या रविवारी आम्ही वर्गासमोर आमची चूक कबूल केली व मुलांस रिकामी पाकिटे आणावयास सांगितले. त्या मुलीच्या पाकिटावर ६२१ नव्हता. सोडियमचा आकडा मात्र होता. तो फळ्यावर लिहून मुलांनीच गुणाकार केला.