ट्रॅक्टर घेतांना कोणाचें ऐकावें?

सोलापूरच्या सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवारांत कांद्याचा लिलाव उरकेपर्यंत माल घेऊन आलेल्या मंडळीस बराच वेळ मोकळा मिळतो. त्या वेळांत चहाच्या टपरीवर जे वाद रंगतात, त्यांतले पुष्कळसे ट्रॅक्टरांचे असतात. एक म्हणतो, अमक्या कंपनीचें इंजिन बारा वर्षें उघडावें लागलें नाहीं. दुसरा त्याच कंपनीच्या नांवानें बोटें मोडतो. नवा ट्रॅक्टर घ्यावयास निघालेला कृषिबंधु या दोघांच्या मध्यें उभा राहून गोंधळतो आणि मग आम्हांस विचारतो कीं, यांतील खरें कोणाचें मानावें?

आमचें उत्तर असें कीं, दोघांचेंही खरें असूं शकेल. पहिल्याचा ट्रॅक्टर मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत ज्वारीच्या पेरणीपुरता वर्षाकाठीं दोनशें तास चालला असेल. दुसऱ्याचा अकलूजकडे उसाच्या ट्रॉल्या ओढून एकाच गाळप हंगामांत त्याच्या चौपट झिजला असेल. यंत्राचें वय वर्षांनीं मोजावयाचें नसतें, तासांनीं मोजावयाचें असतें. म्हणून मत देणाऱ्यास प्रथम विचारावें कीं, तुमच्या तासमापकावर किती तास पडले, त्यांत ओढणीचे किती, आणि काम अडलें तेव्हां सुटा भाग किती दिवसांनीं हातीं आला. ज्यास याचें उत्तर देतां येत नाहीं, त्याचें मत ऐकून घ्यावें, पण त्यावर जमीन गहाण ठेवूं नये.

या तीन प्रश्नांत शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. मोटारीचा धंदा आमच्या सोलापुरास परका नाहीं. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं येथेंच झाला, आणि त्यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिची पद्मिनी गाडी तयार होण्याचें बंद झाल्यावरही मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धांवत होती. ती गाडी काय मोठी नाजूक कारागिरीची होती? मुळींच नाहीं. पण तिचा सुटा भाग कोठेंही मिळे आणि कोणताही मिस्तरी ती खोलूं शके. उलट, झेटर कंपनीच्या सहकार्यानें १९७१ पासून निघालेले एच. एम. टी. चे ट्रॅक्टर ओढणीस दणकट म्हणून नांवाजलेले. तरी २०१६ सालीं केंद्र सरकारनें तो विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि त्या ट्रॅक्टरांच्या धन्यांस सुट्या भागांची चिंता लागली. तेव्हां कंपनीच्या कीर्तीपेक्षां आपल्या गांवापासून तिचें दुकान किती कोस, हें आधीं पहावें. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले आहेत. अशा बहुतेक इंजिनांत डिझेल सोडण्याचें काम विद्युत्-यंत्रणेकडे गेलें आहे. तेथें गांवच्या मिस्तरीचा पाना चालत नाहीं.

आतां मुळांत ट्रॅक्टर घ्यावा कीं नाहीं, हा हिशेब टपरीवर कोणी मांडीत नाहीं. समजा, घसारा, व्याज, विमा व निवारा मिळून वर्षाचा बसता खर्च १,२०,००० रुपये येतो. ट्रॅक्टर ३०० तास चालला तर डिझेल टाकण्यापूर्वींच तासास ४०० रुपये पडले. ८०० तास चालला तर १५० रुपये. पांच एकरांच्या धन्यास स्वतःच्या रानांत ३०० तासही भरत नाहींत. त्यानें एक तर भाड्याचें काम धरावें, नाहीं तर भाड्यानें नांगरट करून घ्यावी. दारांत ट्रॅक्टर उभा असला म्हणजे सोयरिकीस बरें दिसतें, हें आम्हांसही ठाऊक आहे. पण हप्ता सोयरे भरीत नाहींत.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यांसाठीं आमचीच फजिती सांगतों. एका व्यापाऱ्याकडे आम्ही दुपारीं गेलों. ट्रॅक्टर अर्ध्या चावीवर सुरू झाला आणि आम्ही भुललों. इंजिन आधींच तापवून ठेवलेलें आहे, हें हात लावून पहाण्याचें सुचलें नाहीं. घरीं आणल्यावर पहिल्याच थंड सकाळीं पांढरा धूर आणि तेलांत पाणी! नेमका उसाच्या तोडीचा काळ. भाग येईपर्यंत नऊ दिवस भरलेली ट्रॉली बांधावर उभी राहिली आणि तोडलेला ऊस वाळत पडला. वजनांतली तूट भरून निघाली नाहीं.

कार्तिकीच्या बाजारांत खिलार बैल घेतांना आपण दांत पहातों, खूर पहातों, चालवून पहातों. येथेंही तसेंच करावें. सकाळीं, इंजिन गार असतांना, न कळवितां जावें. तेलाची पट्टी काढून पहावी. तेल दुधाळ दिसलें तर परत फिरावें. निळा धूर म्हणजे तेल जळतें. काळा धूर ओझ्याखालीं थोडा निघेल, पण मोकळा चालतांनाही निघाला तर डिझेलपंप, नोझल वा हवेची गाळणी यांत दोष समजावा. आमच्या काळ्या मातीच्या धुळींत गाळणीची हयगय फार होते. मग नांगर लावून तासभर चालवावा, आणि उचलून धरलेला नांगर इंजिन बंद केल्यावर किती वेळांत खालीं येतो तें पहावें. रंगाकडे पाहूं नये.

कागदपत्रांविषयीं दोन शब्द. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरविण्याचा ३५ क्रमांकाचा नमुना व बँकेचा दाखला हातीं घेतल्यावांचून पैसे देऊं नयेत. नांव बदलण्यास २९ व ३० क्रमांकांचे नमुने लागतात. राज्यांतल्या राज्यांत विक्री झाली तर विकणाऱ्यानें १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा दंडक आहे. ट्रॉलीची नोंदणी निराळी असते, हें बहुतेकजण विसरतात. आणि विकणाऱ्यानेंही निर्धास्त राहूं नये: अपघात झाल्यास नोंदणींत ज्याचें नांव, त्यावरच भरपाईचा भार येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. ट्रॅक्टर त्या वेळीं चौथ्या हातांत गेलेला असला तरी.