वन्य प्राण्यांतील पिसाळ रोग : शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी



पिसाळ रोग (रेबीज) म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कुत्रा उभा राहतो. ते चूक नाही. माणसाला होणाऱ्या या रोगात शंभरापैकी जवळजवळ ९९ वेळा कारण कुत्राच असतो. परंतु ज्यांची वस्ती मळ्यात आहे, जे रात्री पिकाची राखण करतात, ज्यांच्या शेळ्या-मेंढ्या माळावर चरतात किंवा जे ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारी कोपी घालून राहतात, त्यांचा संबंध कोल्हा, लांडगा, मुंगूस, रानमांजर अशा प्राण्यांशीही येतो. या प्राण्यांनाही पिसाळ रोग होतो आणि त्यांच्यापासून तो माणसे, गुरे व पाळीव कुत्री यांना होऊ शकतो. हा प्रश्न केवळ आडरानातला आहे असेही नाही. २०२४ साली मुंबईत चेंबूर परिसरातील कोल्ह्यांतही हा रोग आढळून आला.

रोग कसा पसरतो?

या रोगाचा विषाणू रोगी प्राण्याच्या लाळेत असतो. चावा घेतला, ओरखडा काढला किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यांत, तोंडात लाळ गेली म्हणजे तो शरीरात शिरतो. तेथून मज्जातंतूंच्या वाटेने तो हळूहळू मेंदूकडे सरकतो. माणसात लक्षणे दिसण्यास बहुधा १ ते ३ महिने लागतात. क्वचित आठवड्यातच, तर क्वचित वर्षानंतरही ती दिसतात. चावा डोक्याच्या जितका जवळ तितका हा काळ कमी. एकदा लक्षणे सुरू झाली की रोगी बहुधा वाचत नाही. मात्र विषाणू मेंदूपर्यंत पोचण्याआधी योग्य उपचार झाले तर रोग पूर्णपणे टाळता येतो. म्हणून चाव्यानंतरच्या पहिल्या काही तासांना फार किंमत आहे.

पिसाळलेला वन्य प्राणी कसा ओळखावा?

निरोगी कोल्हा माणसाची चाहूल लागताच पळतो. पिसाळलेल्या कोल्ह्याची भीती नाहीशी होते. तो भरदिवसा वस्तीत शिरतो, विनाकारण माणसांच्या, गुरांच्या अंगावर धावतो, काठी पुढे केली तर तीच चावतो आणि एकाला चावून लगेच दुसऱ्याकडे वळतो. काही वेळा याच्या उलट घडते. प्राणी सुस्त पडून राहतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय लुळे पडतात. असा मरगळलेला प्राणी पाहून मुले त्याच्याजवळ जातात. हा प्रकार अंगावर येणाऱ्या प्राण्याइतकाच धोक्याचा आहे, हे घरातील मुलांना आवर्जून सांगावे.

दिवसा दिसलेला प्रत्येक कोल्हा पिसाळलेला असतो, असे मात्र समजू नये. कोंबडी खाद्याचा उकिरडा किंवा मेलेली जनावरे उघड्यावर टाकली की कोल्हे व भटकी कुत्री तेथे एकत्र येतात. त्यांची भांडणे होतात आणि कुत्र्यांचा रोग कोल्ह्यांना लागतो. मेलेली जनावरे खोल पुरणे हा या दृष्टीनेही उपाय आहे. कोल्हा उंदीर-घुशी खाऊन आपल्याला मदतच करतो आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे. संशयित प्राणी दिसल्यास त्याच्या मागे लागू नये. वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मुंगसाबद्दल थोडे सांगण्यासारखे आहे. १८७२ साली आपल्या देशातील मुंगसे जमैका बेटावर नेण्यात आली, ती तेथील उसातील उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी. पुढे शेजारच्या बेटांवरही ती पसरली. आज पोर्तो रिको, ग्रेनाडा अशा बेटांवर पिसाळ रोग टिकवून धरणारा प्राणी म्हणजे हेच मुंगूस. उसाच्या पाचटात हात घालताना मुंगूस चावले, तर ‘छोटा प्राणी आहे, काही होत नाही’ असे म्हणून सोडून देऊ नये. घरातील उंदीर व खार यांच्या चाव्याने सहसा हा रोग होत नाही.

चावल्यास प्रथम काय करावे?

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटे धुवावी. या विषाणूवर स्निग्ध आवरण असते, ते साबणाने नष्ट होते. मळ्यात नळ नसेल तर मोटारीचे पाणी सोडावे किंवा कळशीने सतत पाणी ओतावे. नंतर आयोडीनयुक्त औषध लावावे. मिरचीपूड, चुना, हळद, रॉकेल, बिब्बा यांपैकी काहीही लावू नये व डाग देऊ नये. जखम घट्ट बांधू नये. टाके घालण्याची घाई करू नये. मंत्र-गंडे करण्यात वेळ घालवणे म्हणजे विषाणूला वाट मोकळी करून देणे होय.

त्याच दिवशी दवाखाना गाठावा व कोणता प्राणी चावला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. कारण कुत्रा-मांजराला १० दिवस नजरेखाली ठेवण्याचा नियम वन्य प्राण्यांना लागू नाही. वन्य प्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर वर्गात धरला जातो. त्यात लसीबरोबर जखमेत व जखमेभोवती प्रतिविषाणू सीरमही द्यावे लागते. लस शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण करते, पण तिला काही दिवस लागतात. तोपर्यंत सीरम संरक्षण देते.

सीरमचे महत्त्व इराणमधील एका घटनेने सिद्ध झाले. १९५४ साली तेथे एक पिसाळलेला लांडगा रात्री गावात शिरून २९ जणांना चावला. डोक्याला जखमा झालेल्यांपैकी ५ जणांना नुसती लस देण्यात आली, त्यातील ३ दगावले. ज्यांना लसीबरोबर सीरमही मिळाले त्यांच्यापैकी एकच दगावला. सीरम सर्वच आरोग्य केंद्रांत असेल असे नाही. ते नसल्यास पहिली लस टोचून घेऊन त्याच दिवशी ग्रामीण अथवा जिल्हा रुग्णालयात जावे.

लस दंडात स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी, तर कातडीत दिल्यास ०, ३, ७ व २८ व्या दिवशी घ्यावी लागते. पोटात १४ इंजेक्शने घेण्याची भीती अजूनही काहींच्या मनात आहे. ती जुनी लस भारतात २००४ सालीच बंद झाली. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांनाही ही लस देता येते. उसाच्या टोळीबरोबर गाव बदलावे लागले तर दवाखान्याचा कागद जवळ ठेवावा व उरलेले डोस नव्या ठिकाणी त्या-त्या तारखेस घ्यावेत. जखम भरली म्हणून मधेच लस सोडणे घातक आहे.

गुरे व राखणीचा कुत्रा

मळ्यातील कुत्रा हा वन्य प्राणी व आपले घर यांमधला दुवा आहे. रात्री कोल्ह्याशी झालेल्या झटापटीची जखम केसांत दिसतही नाही, आणि तोच कुत्रा सकाळी मुलांचे हात चाटतो. त्यास वयाच्या तिसऱ्या महिन्यात लस टोचून नंतर दरवर्षी टोचावी. लस दिलेली असली तरी चावा झाल्यास पशुवैद्यकाकडून पुन्हा लस टोचून घ्यावी.

गाय, म्हैस, बैल यांना चावा झाल्यास जखम वरीलप्रमाणेच धुवावी, पण हातात रबरी मोजे घालून. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी लस द्यावी आणि जनावर वेगळे बांधावे. पिसाळलेल्या जनावराचा आवाज घोगरा होतो, ते वारंवार हंबरते, लाळ गाळते, त्याला गिळता येत नाही. पुष्कळदा ‘घशात काहीतरी अडकले’ असे समजून मालक त्याच्या तोंडात हात घालतो. येथेच घात होतो. लाळ गळणाऱ्या जनावराच्या तोंडात, चाव्याची माहिती असो वा नसो, उघडा हात कधीही घालू नये. चुकून घातला गेल्यास हात साबणाने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. अशा जनावराचे दूध वापरू नये. ते मेल्यास कातडे न काढता खोल खड्ड्यात पुरावे.

वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस जखमी झाल्यास शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते. लांडगा व कोल्हा यांचा त्यात समावेश आहे. त्यासाठी वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांना विनाविलंब कळवून पंचनामा करून घ्यावा व दवाखान्याचे कागद सांभाळून ठेवावेत. पंचनाम्यासाठी उपचार मात्र लांबवू नयेत.