गाडीची वही : निलंगा-लातूरकडून नव्यानं परदेशी आलेल्यांसाठी

माझ्या वडिलांची जीप निलंगा ते कासारशिरसी अशी चालायची. रोज पहाटे इंजिन गार असताना ते बॉनेट उघडायचे, ऑइलची पट्टी ओढून काढायचे, खांद्यावरच्या फडक्याला पुसायचे, परत घालायचे आणि पुन्हा काढून उजेडात धरायचे. पट्टीवरच्या दोन खुणांच्या मधे ऑइल दिसलं की दिवस सुरू. बाकीचं सगळं मिस्त्रीच्या डोक्यात. मागचा बेल्ट कधी टाकला, कोणत्या चाकाचं बेअरिंग वाजतंय, गाडी औशाकडं महिन्यातून किती वेळा जाते, हे त्याला सांगावं लागत नसे. गाडी गल्लीत वळली की आवाजावरनंच तो उठून उभा राहायचा.

परदेशात आल्यावर हा माणूस आपल्याला पहिल्यांदा पारखा होतो. इथं गॅरेजं चांगली आहेत, कारागीर शिकलेले आहेत, पण दर वेळी गाडी नव्या माणसाच्या हाती जाते आणि त्याला समोरच्या संगणकावर दिसतं तेवढंच कळतं. म्हणून मिस्त्रीच्या डोक्यातली वही आता तुमच्या घरात पाहिजे. मी न्यू जर्सीत राहते. गाडी चालवायला शिकले तीही इथंच येऊन. टेक्सस, इंग्लंड, जर्मनी, सिडनी आणि दुबईतल्या लातूर-नांदेडकडच्या घरांनी आपापले अनुभव सांगितले, ते इथं एकत्र केले आहेत. ज्यांची गाडी या वर्षी पहिल्यांदाच घेतली जाणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी मॅन्युअल काढा

चालकाशेजारच्या सीटसमोरच्या कप्प्यात एक जाड पुस्तक असतं. सेकंडहँड गाडीत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यातली सर्व्हिसिंगची पानं नवराबायकोनं दोघांनी वाचावीत. तिथं बहुधा दोन वेळापत्रकं असतात : एक साध्या वापरासाठी, दुसरं कठीण वापरासाठी. आपण सगळे स्वतःला पहिल्यात धरतो. मीही धरलं होतं. आमची गाडी डोंगर चढत नव्हती, धुळीत जात नव्हती, ओझं ओढत नव्हती. मुलांची शाळा दोन मैलांवर, वाणसामानाचं दुकान तीन मैलांवर, रेल्वे स्टेशन त्याहून जवळ. पहिल्या दीड वर्षात पाच हजार मैलसुद्धा झाले नाहीत, म्हणून मी ऑइल बदललंच नाही. "चाललीच कुठं एवढी गाडी" असं मला वाटे.

फेब्रुवारीत एका वयस्क कारागिरानं ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा पिवळट फेस जमला होता. थंडीत इंजिन पुरतं तापायच्या आत आपण गाडी बंद करतो. आत जमलेला दमटपणा उडून जात नाही, न जळलेलं थोडं पेट्रोलही ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ आणि आंबलेलं होतं. वडिलांची जीप दिवसभर तापलेली असायची, तिला हा रोग माहीतच नव्हता. थंडीतल्या दोन-तीन मैलांच्या फेऱ्या हाही मॅन्युअलमधला कठीण वापर आहे आणि लहान मुलं असलेल्या प्रत्येक घराची गाडी त्यात मोडते, हे कृपा करून लक्षात घ्या.

म्हणून अंतर आणि महिने, यांपैकी जे आधी भरेल ते खरं. भारतात बहुतेक कंपन्या दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष सांगतात. इथं टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना सिंथेटिक ऑइलसाठी १०,००० मैल किंवा १२ महिने असतात, म्हणजे सुमारे १६,००० किलोमीटर. पण टायरांची अदलाबदल आणि साधी तपासणी दर ५,००० मैलांनी किंवा ६ महिन्यांनी असते. वापर कठीण असेल तर ऑइलही त्याच ५,००० ला येतं. होंडाच्या गाड्या काट्यांजवळच्या पडद्यावर अक्षर दाखवतात : ए म्हणजे ऑइल, बी म्हणजे ऑइल, फिल्टर आणि ब्रेकसकट तपासणी. त्यापुढचा १ हा आकडा टायरांची अदलाबदल, २ हवेचे फिल्टर, ३ ट्रान्समिशनचं ऑइल, ५ कूलंट, ७ ब्रेकचं ऑइल. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. झटपट ऑइल बदलणाऱ्या दुकानांत काचेवर ३,००० मैलांची चिठ्ठी चिकटवतात, ती जुन्या ऑइलच्या काळातली आहे. मॅन्युअल काय म्हणतं तेच धरा.

ऑइलच्या नंबराबद्दल एकदा नीट समजून घ्या. आपल्याकडं "उन्हाळा आहे, जरा घट्ट ऑइल टाका" असं म्हणायची पद्धत आहे. इथं तसं करू नका. ०डब्ल्यू-२० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं आणि सकाळी लवकर वर चढतं. नंबर बहुधा ऑइलच्या झाकणावरच छापलेला असतो.

सरकारी तपासणी म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे

नव्या घरांची सर्वांत जास्त चूक होते ती इथं. स्टिकर मिळाला की गाडी ठणठणीत, असं आपण समजतो.

न्यू जर्सीत नव्या गाडीला पाच वर्षं तपासणी नाही, मग दर दोन वर्षांनी. सरकारी केंद्रावर ती फुकट होते, पण २०१० पासून घरगुती गाड्यांची यांत्रिक तपासणी तिथून काढून टाकली आहे. मुख्यत्वे धूर बघतात. ब्रेक कोणी बघत नाही! टेक्ससमध्ये १ जानेवारी २०२५ पासून घरगुती गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद झाली, फक्त १७ काउंट्यांत धुराची राहिली. म्हणजे या दोन्ही राज्यांत ब्रेक पॅड किती उरले हे तुम्ही विचारलंत तरच कळणार.

इंग्लंडची एमओटी पुष्कळ कडक आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी. ब्रेक, दिवे, टायर, स्टिअरिंग, धूर, गंज सगळं बघतात. गाडीसाठी कमाल शुल्क ५४ पौंड ८५ पेन्स. मुदतीच्या आधी एक महिना उणे एक दिवस इतक्या लवकर केली तरी पुढच्या वर्षाची तारीख तीच राहते, तेव्हा शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. पण एमओटीत कोणी ऑइल किंवा फिल्टर बदलत नाही. लीसेस्टरच्या एका घरानं तीन वर्षं नुसत्या एमओटीवर काढली आणि चौथ्या वर्षी इंजिन गेलं. जर्मनीत नव्या गाडीला तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी तपासणी. बोलताना सगळे टीयूव्ही म्हणतात, आणि पुढची तारीख मागच्या नंबरप्लेटवरच्या गोल स्टिकरवर असते. सिडनीकडं पाच वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी गुलाबी पावती लागते. दुबईत तीन वर्षांनंतर दर वर्षी.

थंडी

निलंग्यात पौषात शेकोटी पेटवावी लागते, पण पाणी कधी गोठत नाही. म्हणून रेडिएटरमध्ये साधं पाणी टाकायची आपली सवय अंगात मुरलेली आहे. औसा तालुक्यातून इकडं आलेल्या एका कुटुंबानं ऑगस्टमध्ये कूलंट कमी दिसलं म्हणून नळाचं पाणी भरलं, दोन-तीनदा. जानेवारीत पारा उणे पंधरापर्यंत उतरला. पाणी गोठताना फुगतं, रेडिएटर तडकला. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. कूलंटही गाडीनुसार वेगळं असतं, रंग बघून टाकू नका. आणि इंजिन गरम असताना त्याचं झाकण कधीही उघडू नका, हे तर तुम्हाला एप्रिलातल्या लातूर रस्त्यानं शिकवलेलंच आहे.

हवेचं गणित मात्र नवं आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरातली हवा एक पॉइंटनं उतरते. सप्टेंबरअखेर २० अंशांत तुम्ही ३३ पॉइंट हवा भरलीत आणि जानेवारीत सकाळी उणे ८ आहे. २८ अंशांचा फरक, म्हणजे पाच पॉइंट गेले, टायरात राहिले २८. अमेरिकेतल्या गाड्यांत २००८ च्या मॉडेलपासून हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा सक्तीचा आहे, पण ठरल्या दाबापेक्षा पाव हिस्सा कमी झाल्यावर तरी तो लागलाच पाहिजे, एवढाच नियम आहे. ३३ चा पाव वजा केला तर पावणेपंचवीस. तुम्ही २८ वर, म्हणजे दिवा गप्प राहू शकतो. इथं चौकात पंक्चरवाला नाही जो गाडीकडं बघून "हवा कमी हाय मॅडम" म्हणेल. दहा डॉलरचा गेज घ्या आणि महिन्यातून एका रविवारी, गाडी चालवायच्या आधी, चारही टायर आणि स्टेपनी बघा. किती हवा हवी हे टायरवर नव्हे, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ते लागतात, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेलेच टायर चालतात. काच धुवायला साधं पाणी भरू नका, न गोठणारं निळं द्रावण मिळतं. रस्त्यावर मीठ टाकतात, तेव्हा हिवाळ्यात दोन-तीनदा गाडीचं पोट धुऊन घ्या. ब्रेकच्या नळ्या मिठानंच गंजतात.

दुबईच्या घरांचं दुखणं उलट. बॅटरी मरते ती उन्हानं. दोन उन्हाळे झाले की तिथली घरं बॅटरी तपासूनच घेतात.

सेकंडहँड गाडी

बहुतेकांची पहिली गाडी जुनीच असते. आईवडील निलंग्याहून येणार म्हणून अनेक जण सात-आठ माणसांची होंडा ओडिसी घेतात. गाडी चांगली आहे, पण तिच्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. तो साधारण एक लाख मैलांच्या आसपास बदलावा लागतो, आणि तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून इंजिन निकामी होतं. नव्वद हजार मैल झालेली ओडिसी स्वस्त दिसते, कारण हा खर्च पुढच्याच्या गळ्यात पडणार असतो. कोरोला-कॅमरीच्या अलीकडच्या इंजिनांना साखळी असते, तिथं हा प्रश्न नाही. विकणाऱ्याला बेल्ट बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असं धरा आणि तेवढे पैसे कमी करा.

इंग्लंडात गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा जुना सगळा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो, नापास कशामुळं झाली तेही. अमेरिकेत काचेच्या कोपऱ्यात सतरा अक्षर-अंकांचा व्हिन असतो. तो एनएचटीएसए या सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाका, कंपनीनं परत बोलावलेली दुरुस्ती राहिली असेल तर कळेल, आणि ती फुकट होते. एकट्या टकाटा कंपनीच्या सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅग अमेरिकेत अशा परत बोलावल्या होत्या. टायरवरचे शेवटचे चार आकडे त्याची जन्मतारीख : ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी टायर म्हातारा असू शकतो.

कुणाकडं न्यायची

वॉरंटी टिकवायची तर डीलरकडंच गेलं पाहिजे, हे खरं नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानं तशी सक्ती करता येत नाही, युरोपातही बाहेरच्या गॅरेजला मोकळीक आहे. अट एवढीच, की काम वेळापत्रकाप्रमाणं झालेलं असावं आणि ते तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. काउंटरवर एखादा जास्तीचा फ्लश किंवा क्लीनिंग सुचवलं, तर "मॅन्युअलच्या कोणत्या पानावर आहे?" एवढं शांतपणे विचारा. काढलेला जुना पार्ट बघायला मागा. आपल्याकडं मिस्त्री तो न मागता हातात द्यायचा. यात अविश्वास नाही.

आता वही. शंभर पानांची साधी वही पुरते. तारीख, रीडिंग, काय केलं, ऑइलचा नंबर, कुणाकडं, किती पैसे, पुढं कधी. पावती त्याच पानाला टाचणीनं. ब्रेकचं ऑइल दमटपणा ओढतं, म्हणून ते दर दोन-तीन वर्षांनी. केबिनचा फिल्टर घरी दहा मिनिटांत बदलतो. विजेवरच्या गाडीला इंजिनचं ऑइल नाही, पण टायर, ब्रेकचं ऑइल आणि हा फिल्टर तिलाही आहेच. आमच्या घरी खंडेनवमीला गाडीला झेंडूचा हार घातला की त्या वहीलाही हळदीकुंकू लागतं, आणि पूजा झाली की पुढच्या वर्षाची कामं मुलगा मोठ्यानं वाचून दाखवतो.

सुट्टीत पाच-सहा आठवडे निलंग्याला जाल तेव्हा गाडी तशीच टाकून जाऊ नका. टायरात हवा नीट भरा, टाकी भरून ठेवा, हँडब्रेक ओढण्याऐवजी गाडी पार्कमध्ये लावून चाकाला अडसर द्या. शेजाऱ्याला किल्ली देऊन आठवड्यातून एकदा अर्धा तास मोठ्या रस्त्यावर फिरवून आणायला सांगा. उभ्या उभ्या पाच मिनिटं चालू ठेवून बॅटरी भरत नाही. शेजारी तुमच्या विम्यात बसतो का ते आधी विमा कंपनीला विचारून घ्या, आणि निघायच्या दिवशीचं रीडिंग वहीत लिहून मगच विमानतळाची टॅक्सी बोलवा.