सन्मानमंदिरात कोणास स्थान द्यावे?
(वादसभेकरिता एक अभ्यासपाठ)



खेळाचा तास संपला म्हणजे खेळणारे थकतात. परंतु खेळाविषयी वाद घालणारे थकत नाहीत. अमका थोर की तमका थोर, हा प्रश्न वर्गात, वाटेवर आणि घरी वडील मंडळींच्या बैठकीतही रंगत असतो. हा वाद निरर्थक आहे असे म्हणून तो मोडून काढण्याची घाई कोणी करू नये. नीट घातला तर त्यापासून न्यायाने विचार करण्याची शिस्त लागते. कसाही घातला तर घसा तेवढा बसतो. तो नीट घालण्याची रीत कोणती, हे आज पाहावयाचे आहे.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा, क्रिकेटप्रमाणेच चेंडू व दांडा यांचा, खेळ फार लोकप्रिय आहे. त्या खेळातील थोर पुरुषांकरिता न्यूयॉर्क संस्थानातील कूपर्सटाउन या लहानशा गावी एक सन्मानमंदिर आहे. त्याकरिता पहिली निवड १९३६ साली झाली व पाच खेळाडू निवडले गेले. वृत्तपत्रांतून त्या खेळावर लिहिणारे अनुभवी लेखक मते देतात, आणि शंभरांत पंचाहत्तर मते पडल्यावाचून त्यांच्याकडून कोणाचीही निवड होत नाही. पहिल्या वर्षी टाय कॉब यास २२६ पैकी २२२ मते पडली. सर्वच्या सर्व मते मिळविणारा पहिला खेळाडू मारियानो रिव्हेरा हा २०१९ साली झाला. म्हणजे एकमत होण्यास ८३ वर्षे लागली! यावरून या वादाचे बिकटपण ध्यानात येईल.

क्रिकेटकरिताही आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाने अशीच सन्मानसूची २००९ साली सुरू केली. आरंभीच्या सूचीत आपल्या देशाचे सुनील गावसकर, बिशनसिंग बेदी व कपिल देव हे होते. पुढे अनिल कुंबळे, राहुल द्रविड, सचिन तेंडुलकर, विनू मांकड, वीरेंद्र सेहवाग, डायना एडलजी, नीतू डेव्हिड व महेंद्रसिंग धोनी यांची नावे आली. ही निवड २०२५ सालापर्यंतची होय. या सूचीत नसलेली तीन नावे आपण वादाकरिता घेऊ : नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू, सांगलीचे विजय हजारे आणि पुण्या-मुंबईच्या मैदानांवर कीर्ती मिळविलेले पालवणकर बाळू.

वादाचा पहिला नियम असा की, माप आधी ठरवावे व नाव मागाहून घ्यावे. बहुतेक लोक याच्या उलट करितात. आवडता खेळाडू मनात धरितात आणि त्याच्या अंगास बसेल असे माप मग शोधितात. त्याच्या धावा पुष्कळ असल्या म्हणजे ते धावांचा महिमा गातात. धावा थोड्या असल्या म्हणजे ‘आकड्यांत काय आहे?’ असे म्हणतात. दोन्ही तोंडांनी बोलणाऱ्यास न्याय करिता येत नाही.

दुसरा नियम आपल्या गावच्या मुलांस सांगावयास नको. राजूर परिसरात कोळसा वाहणाऱ्या मालमोटारी सर्वांनी पाहिल्या आहेत. मोटार काट्यावर एकदा रिकामी चढते व एकदा भरलेली. रिकामीचे वजन वजा केल्यावाचून आत माल किती, हे कळत नाही. खेळाडूचेही तसेच आहे. त्याने काय मिळविले हे पाहण्यापूर्वी, त्यास आरंभी काय मिळाले होते आणि काय नाकारले गेले होते, हे तोलले पाहिजे. केवळ धावा व बळी यांचे आकडे हे एकाच वेळचे वजन होय.

आता नायडूंचे उदाहरण घ्या. कसोटी सामने ७, धावा ३५०, सरासरी २५. एवढेच वाचून कोणी म्हणेल, ‘यात थोरवी ती कोणती?’ परंतु भारताचा पहिला कसोटी सामनाच मुळी १९३२ च्या जून महिन्यात लॉर्ड्स मैदानावर झाला. त्या वेळी कप्तान नायडूंचे वय ३६ वर्षांचे होते. तारुण्यातील उत्तम वर्षे कसोटी सामन्यांवाचूनच गेली. त्यापूर्वी, १९२६ च्या डिसेंबरात, इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईस त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार होते. बलाढ्य समजल्या जाणाऱ्या संघाशी आपण बरोबरीने खेळू शकतो, हा विश्वास त्या खेळाने लोकांस दिला. हे कोणत्या रकान्यात मांडावे?

विजय हजाऱ्यांचा जन्म १९१५ सालचा. १९३६ च्या उन्हाळ्यानंतर १९४६ पर्यंत भारत एकही कसोटी सामना खेळला नाही. त्यांत महायुद्धाची वर्षेही गेली. म्हणून त्यांचा पहिला कसोटी सामना वयाच्या एकतिसाव्या वर्षी झाला. तरीही ३० सामन्यांत २,१९२ धावा, ४७.६५ ची सरासरी व ७ शतके ही त्यांची मिळकत आहे. १९४८ च्या जानेवारीत अ‍ॅडलेड येथे लिंडवॉल व मिलर यांच्या वेगवान माऱ्यापुढे त्यांनी एकाच सामन्यात ११६ व १४५ धावा काढल्या. दुसऱ्या डावात भारताच्या एकंदर धावा २७७ झाल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. सामना आपण हरलो. पण हरणाऱ्या संघातून खेळून धीर न सोडणे हे जिंकणाऱ्या संघातून धावा करण्याहून कठीण आहे. याच्याही आधी, १९४३ सालच्या मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत, ख्रिस्ती व इतर लहान समाजांच्या मिळून झालेल्या ‘रेस्ट’ संघाकडून त्यांनी ३८७ पैकी ३०९ धावा केल्या होत्या. पुढे १९५२ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे इंग्लंडला हरवून भारताने कसोटीतील पहिला विजय मिळविला, तेव्हा कप्तान हजारेच होते. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यास साक्षीपुराव्याची वाण पडणार नाही.

सर्वांत कठीण उदाहरण पालवणकर बाळूंचे आहे. त्यांचा जन्म १८७६ सालचा, चांभार कुटुंबातला. भारताने पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते. म्हणजे कसोटीच्या वहीत त्यांच्या नावापुढे शून्यदेखील नाही, नावच नाही. पुण्यास गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात ते तुटपुंज्या पगारावर खेळपट्टीची निगा राखीत आणि सरावाकरिता साहेबांस चेंडू टाकीत. डाव्या हाताने चेंडू वळविण्याची विद्या त्यांनी तेथे कमावली. पुढे हिंदूंच्या संघात त्यांस घेतले. पण मैदानावर ज्यांच्या हातून चेंडू घ्यावयाचा त्यांस चहा मात्र बाहेर, मातीच्या निराळ्या भांड्यात मिळे. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू होते. तथापि वर्षानुवर्षे संघाचा आधारस्तंभ असूनही चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कप्तानपद त्यांस कधीही दिले गेले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांस १९२३ साली मिळाले.

येथे प्रतिपक्षाचा वक्ता उठून म्हणेल, ‘झालेल्या अन्यायाबद्दल आम्हांस खेद आहे, परंतु सन्मान दयेपोटी द्यावयाचा नसतो. ज्याने मोठ्या सामन्यात खेळून दाखविले नाही, तो खेळला असता तर काय झाले असते, हे कोणी सांगावे?’ हा आक्षेप खरा आहे आणि त्यास रागाने नव्हे, पुराव्याने उत्तर दिले पाहिजे. पुरावा १९११ सालचा आहे. त्या वर्षी पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडात गेला. संघ बहुतेक सामने हरला. परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात, परक्या हवेत व परक्या खेळपट्ट्यांवर, ११४ गडी बाद केले आणि प्रत्येक गड्यामागे सरासरी १८.८४ धावाच दिल्या. गोलंदाजाची सरासरी जितकी कमी तितकी चांगली, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. इंग्लंडचा काटा, इंग्लंडचे पंच, इंग्लंडचे फलंदाज. वजन मात्र बाळूंचे. यात ‘असते तर’ कोठे आहे?

अमेरिकेतही हाच प्रश्न उभा राहिला होता. तेथील मुख्य बेसबॉल संघांत काळ्या वर्णाच्या खेळाडूंस पुष्कळ वर्षे मज्जाव असे. जॅकी रॉबिन्सनने १९४७ साली तो बांध फोडला. सॅचेल पेज या विख्यात गोलंदाजास १९४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, प्रवेश मिळाला. जॉश गिब्सन तर रॉबिन्सनच्या पहिल्या सामन्यापूर्वी तीनच महिने वारला. पेज यास १९७१ साली सन्मानमंदिरात घेण्याचे ठरले, तेव्हा प्रथम त्याच्या जातभाईंकरिता निराळे दालन करावे अशी सूचना होती. लोकांस ती रुचली नाही, आणि त्यास इतरांच्याच पंक्तीला बसविले गेले. पुढल्या वर्षी मृत गिब्सनलाही तेथे स्थान मिळाले. निराळे दालन आणि मातीचे निराळे भांडे यांतील साम्य चतुर विद्यार्थ्यांस सांगावे लागणार नाही.

एक प्रश्न मात्र उरतो : शीलाचा. पीट रोझ याने बेसबॉलमध्ये ४,२५६ वेळा यशस्वी फटके मारून उच्चांक केला. परंतु आपल्याच संघाच्या सामन्यांवर पैसे लावल्यामुळे १९८९ साली तो खेळातून बहिष्कृत झाला. २०२४ साली तो मरण पावला व त्यानंतर २०२५ साली त्याच्यावरील बंदी उठविण्यात आली. त्याचे फटके खोटे नव्हते. मग स्थान द्यावे की न द्यावे? माझे मत असे की, खेळाडू घरी कसा वागतो हा सन्मानमंदिराचा विषय नव्हे. पण खेळावरील लोकांचा विश्वासच ज्याने डळमळविला, त्याचे पारडे हलके होणे योग्य आहे. याविरुद्ध मत असणाऱ्याने ते सभेत अवश्य मांडावे.

माझा निकाल सांगावयाचा तर, तिघेही योग्य आहेत. आणि एकच जागा असेल तर ती मी बाळूंस देईन. हजाऱ्यांच्या आणि नायडूंच्या आकड्यांस त्यांचे स्वतःचे तोंड आहे. बाळूंकरिता कोणीतरी बोलावे लागते. सन्मान देऊन १९५५ साली निवर्तलेल्या बाळूंस आता काही मिळावयाचे नाही. मिळावयाचे ते आपणांस : ज्यांस दाराबाहेर उभे केले जाते त्यांची नावे वहीत सापडत नाहीत, आणि वहीत नाव नाही म्हणून त्यांनी काही केलेच नाही असे पुढील पिढी समजते, ही भूल तरी सुटेल. शाळेच्या गुणपत्रकापासून पंचायतीच्या निवडीपर्यंत ही भूल आपण रोज करीत असतो.

अभ्यासार्थ प्रश्न :

(१) सन्मानसूचीकरिता तीन मापे लिहा. नाव त्यानंतर निवडा. मापे नंतर बदलू नयेत.

(२) आपल्या निवडीविरुद्ध सर्वांत बळकट आक्षेप कोणता, तो प्रतिपक्षाच्या शब्दांत लिहा व त्यास उत्तर द्या.

(३) आपल्या गावात उत्तम काम करूनही ज्यांचे नाव कोठे लिहिले गेले नाही, अशा एका व्यक्तीविषयी आईवडिलांस विचारा आणि दहा ओळी लिहून आणा.