खांद्याच्या फोटोला भिऊ नकोस

नवीन जालना

चि. प्रभाकर,

तुझा एक्स-रे मी पाहिला. 'गॅप कमी झालाय, सांधा बदलावा लागेल' असं कुणीतरी म्हणालं आणि तेव्हापासून तू हात पोटाशी धरून बसला आहेस, असं वहिनी सांगत होती. वॉर्डात आयुष्य गेलंय माझं, म्हणून सांगते. फोटोत वाईट दिसणारा खांदा फारसा दुखत नाही आणि चांगला दिसणारा रात्रभर झोपू देत नाही, अशी माणसं मी पुष्कळ पाहिली. चांगला डॉक्टर आधी विचारतो : हात कुठवर जातो, झोप लागते का?

झिजलेली कूर्चा परत येत नाही. तेलाने नाही, गोळीनेही नाही. पण गुडघ्यावर चालताना अख्ख्या अंगाचा भार येतो, तसा खांद्यावर येत नाही. त्यामुळे दुखणं आटोक्यात ठेवून आणि हालचाल राखून बरेच लोक वर्षानुवर्षं काम करतात. तू मात्र हात बांधून ठेवलास. न वापरलेल्या खांद्याभोवतीचं आवरण आवळत जातं, आणि तुला साखर आहे, म्हणजे तुझा खांदा आखडायची भीती इतरांपेक्षा जास्तच.

सकाळी गरम पाण्याचा शेक घे. मग चांगला हात टेबलावर टेकून कमरेत वाक, दुखरा हात सैल सोड आणि अंग हलवून त्याला झुलू दे. हात स्वतः ओढायचा नाही. हा व्यायाम बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनच्या नावाने ओळखला जातो. खांद्यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक 1934 सालचं, व्यायाम मात्र अजून तोच. नंतर भिंतीवर बोटं चालवत वर ने. कोपर कुशीला चिकटवून, काठीच्या आधाराने हात बाहेरच्या बाजूला वळवणं विसरू नकोस. ही हालचाल सहसा सगळ्यात आधी जाते. व्यायामानंतर थोडं ठणकेल. रात्रीपर्यंत ठणकत राहिलं तर दुसऱ्या दिवशी निम्मंच कर. एकदा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घे, मोबाइलवर बघून नको.

आता तुझ्या मोसंबीच्या बागेतल्या कामाचं. शेंड्याची फळं दुसऱ्याला तोडू दे. तुझं कोपर खांद्याच्या वर जाता कामा नये. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेऊन दांडा मारणं बंद. तुम्हा अंबडकडच्या बागायतदारांना ते कमीपणाचं वाटतं, पण फवारणी मजुरावर किंवा ट्रॅक्टरवर सोपव. भरलेलं कॅरेट एकट्याने उचलू नकोस. झोपताना चांगल्या कुशीवर झोप आणि दुखऱ्या हाताखाली उशी घे.

डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मेडिकलवरून आणून रोज खाऊ नकोस. बीपी, पोट, मूत्रपिंड, सगळ्यालाच त्या त्रास देतात, आणि तुझी तर बीपीची गोळीही चालू आहे. सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही आठवडे, कधी काही महिने आराम पडतो. पण नंतर काही दिवस साखर चढते, म्हणून ती तपासत राहा, आणि ते वरचेवर घ्यायचं नाही. बाजारात सांधेदुखीची बिननावाची पुडी मिळते, तिला हात लावू नकोस. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत दुखणं पळतं ते त्यामुळे. पुढे चेहरा सुजतो, साखर हाताबाहेर जाते, आणि एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं.

हे सगळं काही महिने मनापासून करूनही झोप येत नसेल, घास तोंडापर्यंत नेता येत नसेल, तर सर्जनला जरूर भेट. सांधेबदल हे चांगलं ऑपरेशन आहे, फक्त तुझी वेळ अजून आलेली नाही. ताप येऊन खांदा लाल, गरम झाला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठ. डावा खांदा दुखत असताना घाम सुटला, छाती भरून आली, तर शेकत बसू नकोस, सरळ जिल्हा रुग्णालयात ये. तो सांधा नसतो.

मोंढ्यात येशील तेव्हा सध्या खातोस त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन घरी ये, पुडी असेल तर तीही.

तुझी,
आत्या