आजार अंगात, कारण कामाच्या जागेत



आम्ही परिचारिका म्हणून दवाखान्यात काम करीत होतो तेव्हाची गोष्ट. तिशीतली एक बाई वर्षभरात तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आली. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणे, थंडी वाजून ताप. ती जिनिंगमध्ये कामाला होती. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. आम्ही नेहमीप्रमाणे बजावले, "पाणी भरपूर प्या, लघवी तुंबवू नका." त्यावर ती म्हणाली, "पाणी पेलं तं जाऊ कुठं, सिस्टर? तिथं बायांसाठी जागाच नाही."

आम्ही निरुत्तर झालो. खरे तर रात्रपाळीत दोन-दोन वॉर्ड अंगावर असताना आम्हीही तासन्‌तास लघवी रोखून धरत होतो. तरीही रुग्ण समोर आला की दोष त्याच्या सवयींना देत होतो. पुढे नोकरी सोडून वस्त्यांत काम करू लागलो, तेव्हा आम्ही आमचा पहिला प्रश्न बदलला. "काय खाता?" हे विचारण्याआधी आम्ही विचारतो, "कामाला कुठे जाता? ती जागा कशी आहे?" आजचा पाठ याच प्रश्नाचा आहे.

पाणी आणि संडास-मुतारी

स्त्रीचा मूत्रमार्ग आखूड असतो. त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. वेळोवेळी लघवी झाली तर ते धुऊन निघतात, रोखून धरली तर तिथेच वाढतात. पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट होते, जळजळ वाढते, मूतखड्याचा धोकाही वाढतो. पाळीच्या दिवसांत आडोसा नसेल तर कापड किंवा पॅड दिवसभर बदलता येत नाही आणि त्वचेला खाज व चट्टे सुरू होतात. गरोदर बाईला असा संसर्ग झाला आणि उपचार राहिला, तर दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची भीती असते.

एक सोपी खूण लक्षात ठेवा. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. गडद पिवळी असेल तर शरीर पाणी मागते आहे. लघवीला जळजळ होत असताना थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखू लागले, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अर्धवट गोळ्या खाऊन थांबू नये.

उष्णता आणि हवा

पत्र्याच्या छताखाली दुपारी काम करणाऱ्याचे शरीर घाम गाळून स्वतःला थंड ठेवते. पाणी कमी पडले, हवा कोंडली, की घामाचाही उपयोग होत नाही. आधी डोके दुखते, मग पायांत गोळे येतात, चक्कर येते, मळमळते. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापून निघाले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात हलवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

कापसाच्या कामात धुळीचाही त्रास असतो. बारीक तंतू आणि धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा आजार होतो. त्याची खूण वेगळीच आहे. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढच्या दिवसांत थोडे बरे वाटते. म्हणून माणूस म्हणतो, "हवापालट झाली असेल." डॉक्टरांना हा दिवसांचा हिशेब जरूर सांगा आणि कापसाच्या कामावर आहात हेही सांगा. नाही सांगितले तर साधा दमा समजून औषध मिळते.

उभे राहणे, आवाज, उजेड

दुकानात आठ-दहा तास उभ्याने काम करणाऱ्या आपल्या मुलींचे पाय संध्याकाळी सुजतात, टाचा दुखतात, पुढे पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगून दिसू लागतात. हे वयामुळे नव्हे, दिवसभर बसायला न मिळाल्यामुळे होते. केरळमध्ये कापडदुकानांतील स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली तिथे कायदा बदलला. २०२१ साली तमिळनाडूनेही तशीच दुरुस्ती केली.

यंत्रमागासारख्या ठिकाणी हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे. कानातील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, मग घरात माणसे चिडू लागतात की हा लक्षच देत नाही. शिवणकाम किंवा विड्या वळण्याचे काम अंधुक उजेडात केले तर डोळे शिणतात, डोके दुखते, मान वाकडी ठेवायची सवय लागते.

जागा बिघडली की कामही बिघडते

मालक किंवा साहेब म्हणतात, "माणसे कामचुकार झाली आहेत." आम्ही त्यांना उलट विचारतो, तहानलेला, घामेजलेला, लघवी रोखून बसलेला माणूस यंत्रावर लक्ष कसे ठेवील? पाळीच्या शेवटच्या तासात हात मंदावतो, चुका होतात, बोट पट्ट्यात जाते. सूचना ऐकू न आल्याने अपघात होतो. जळजळ-तापाने खाडा पडतो आणि रोजंदारीवरच्या बाईचा खाडा म्हणजे त्या दिवसाची भाजी-भाकर गेली. चांगली जागा ही मालकाने केलेली मेहेरबानी नाही. काम नीट व्हावे यासाठीच ती लागते.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही

मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त असे, पण तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय सांगत? धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय पुढे मांडला. परिचारिकेच्या नजरेने पाहिले तर एकच धोटा अनेकांनी तोंडाला लावणे हीच रोग पसरवणारी रीत होती. खोट कामाच्या पद्धतीत होती, ठपका मात्र माणसाच्या जातीवर ठेवला. आजही तेच होते. संडास नाही ही जागेची खोट, पण ठपका बाईच्या पाणी न पिण्यावर.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आठवड्याचे काम ४८ तासांवर आणणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती १९४६ सालची. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमात पिण्याचे पाणी, स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळे संडास, हवा, उजेड, हातपाय धुण्याची सोय आणि उभ्याने काम करणाऱ्यांना अधूनमधून बसण्याची सोय, हे सारे मालकाचे कर्तव्य ठरले. पिण्याचे पाणी संडास-मुतारीपासून सहा मीटरच्या आत ठेवू नये, इतके बारीक कलमही त्यात होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही या सोयी आहेत. म्हणजे आपण मागतो ते दान नाही, लिहिलेला हक्क आहे.

आता काय करायचे?

मागच्या हंगामात एका जिनिंगमधील अकरा बायांसोबत आम्ही बसलो. प्रत्येकीने आपापला त्रास सांगितला. सगळ्यांचा त्रास एकच निघाला, तेव्हा त्यांना प्रथमच कळले की बिघाड आपल्या अंगात नाही. अर्ज एकीच्या नावाने नाही, अकरा जणींच्या सह्या-अंगठ्यांनी दिला. पंधरा दिवसांनी मागच्या बाजूला एक संडास उभा राहिला. दाराला कडी नव्हती. कडीसाठी दुसरा अर्ज द्यावा लागला, तोही दिला. आज कडी आहे आणि बाया दुपारी पाणी पितात.

आपणही एवढे करा :

१. आठवडाभर वहीत लिहा : कामाच्या जागी किती वेळा पाणी प्यायलो, किती वेळा लघवीला गेलो, कोणत्या वेळी चक्कर, डोकेदुखी, खोकला झाला.

२. सोबतच्यांच्या नोंदी ताडून पाहा. एकाचा त्रास तक्रार ठरते, दहा जणांचा तोच त्रास पुरावा ठरतो.

३. सामूहिक लेखी अर्ज द्या, पोच घ्या, प्रत जपून ठेवा. उत्तर आले नाही तर कारखान्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, दुकानासाठी कामगार कार्यालयाकडे जा.

४. दवाखान्यात गेल्यावर आपले काम काय आणि किती वर्षांपासून, हे न विचारताही सांगा. राज्य विमा योजनेचे कार्ड असेल तर सोबत न्या.

५. आपल्यापैकी जे आज अधिकारी, मुख्याध्यापक, दुकानमालक आहेत, त्यांनी आधी आपल्याच कचेरीतल्या झाडूवालीला विचारावे : "बाई, तुम्ही कोणता संडास वापरता?" ती बाहेर जात असेल, तर सुधारणा तिथूनच सुरू करावी.

त्या दिवशी त्या बाईला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते. आज एवढे सांगू शकतो : बाई, गोळ्या पूर्ण घे, पाणी पी, आणि जागा मागायला एकटी जाऊ नकोस. सगळ्या मिळून जा.